ईला एकच टिंब का?

मुलांनो, वही-पेन्सिल घेऊन बसा, आज थोडं लिहायचं आहे. इंग्रजीतला अगदी सोपा शब्द घ्या: टी, ई, ए. म्हणजे चहा. हा शब्द आपण मोर्सच्या लिपीत लिहू. टी या अक्षराला मोर्समध्ये एक रेघ. ईला एक टिंब. एला आधी टिंब आणि मग रेघ. सगळं ओळीने मांडा. काय झालं?

– · · –

आता त्याखाली दुसरा शब्द: एन, ई, टी. नेट, म्हणजे जाळं. एनला आधी रेघ, मग टिंब. ई आणि टी तुम्हाला ठाऊकच आहेत. मांडा पाहू.

– · · –

तेच आलं ना? अगदी हुबेहूब. आणि मोर्सचा तक्ता उघडलात तर एक्स हे एकटं अक्षरसुद्धा तिथे असंच लिहिलेलं सापडेल: रेघ, टिंब, टिंब, रेघ.

मग तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला कसं कळायचं, की समोरच्याने चहा पाठवला, जाळं पाठवलं, की नुसता एक्स? त्याला कळतं ते समोरचा मध्ये कुठे थांबला यावरून. चहा पाठवताना रेघ वाजवून थांबायचं, टिंब वाजवून पुन्हा थांबायचं, आणि मग टिंब-रेघ सलग. जाळं पाठवताना रेघ-टिंब सलग, मग थांबा, टिंब, थांबा, रेघ. आणि एक्स पाठवायचा असेल तर चारही एका दमात. मोर्सच्या लिपीत दोनच चिन्हं असतात असं पुस्तकांत लिहितात. मला विचाराल तर तिसरं चिन्ह आहे आणि ते म्हणजे थांबणं. कागदावर ते दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही, पण सगळा अर्थ त्याच्या जिवावर उभा आहे.

हे थांबणं मनाला येईल तेवढं नसतं बरं का. त्याचं माप ठरलेलं आहे. शाळेत तुम्ही वृत्तं शिकता, लघू अक्षराला एक मात्रा आणि गुरू अक्षराला दोन. इथेही मात्राच मोजायच्या. टिंबाला एक मात्रा. रेघेला दोन नव्हे, तीन. एकाच अक्षरातल्या दोन चिन्हांमध्ये एक मात्रा शांतता. दोन अक्षरांच्या मध्ये तीन मात्रा. आणि दोन शब्दांच्या मध्ये सात. या हिशेबाने आपला चहा मोजा. टीच्या तीन, मग शांततेच्या तीन, ईची एक, पुन्हा शांततेच्या तीन, आणि एच्या पाच, कारण टिंबाची एक, मधली एक आणि रेघेच्या तीन. बेरीज पंधरा. आता जाळं मोजा. तेही पंधराच! चिन्हं तीच, लांबीही तीच. फरक एवढाच, की शांतता कुठे लांब आणि कुठे आखूड.

आता आनंद मोजून पाहू, इंग्रजीतला जॉय. जे, ओ, वाय. अक्षरं तीनच, चहाइतकीच. पण जे म्हणजे एक टिंब आणि तीन रेघा, मात्रा तेरा. ओ म्हणजे तीन रेघा, मात्रा अकरा. वाय म्हणजे रेघ, टिंब, रेघ, रेघ, पुन्हा तेरा. मधल्या शांततेच्या सहा मिळवा. त्रेचाळीस! तीन अक्षरांचा चहा पंधरा मात्रांत पोचतो आणि तीन अक्षरांच्या आनंदाला त्रेचाळीस लागतात. असा भेदभाव का? ईला एकच टिंब, आणि बिचाऱ्या जेच्या गळ्यात तीन-तीन रेघा कुणी घातल्या?

त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जायला हवं.

सॅम्युएल फिन्ली ब्रीझ मोर्स हा मुळात चित्रकार. 1791 साली मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्सटाउन गावी जन्मला. मोठमोठ्या लोकांची तैलचित्रं काढायचा. 1825 च्या फेब्रुवारीत तो वॉशिंग्टन शहरात लाफायेत नावाच्या थोर सेनानीचं चित्र काढायच्या कामावर होता. न्यू हेवनला घरी त्याची बायको ल्युक्रेशिया नुकतीच बाळंत झालेली. 7 फेब्रुवारीला ती अचानक गेली. वडिलांनी पत्र धाडलं. त्या काळी पत्र घोडागाडीच्या वेगाने जायचं. ते पत्र मोर्सच्या हातात पडून तो घरी पोचला तेव्हा तिचं दफनसुद्धा झालेलं होतं. बायको गेल्यावरही काही दिवस हा माणूस ती आहे असं समजून जगत होता. केवळ या दुःखातून तार जन्माला आली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण बातमी उशिरा पोचणं म्हणजे काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?

पुढे 1832 मध्ये तो फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून सली नावाच्या जहाजाने न्यू यॉर्कला परत निघाला. जहाजावर चार्ल्स जॅक्सन नावाचा एक डॉक्टर भेटला. जेवणाच्या टेबलावर गप्पा रंगल्या विद्युतचुंबकावर. ही तेव्हा ताजी नवलाई होती. तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसुई हलते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेडने 1820 मध्ये दाखवलं होतं. मग लोखंडाभोवती तारेचे वेढे गुंडाळून वीज सोडली की लोखंडच चुंबक होतं, हेही लोकांना कळलं.

हा चमत्कार तुम्ही स्वतः करून बघा. लोखंडाचा एक मोठा खिळा घ्या. वार्निश चढवलेली तांब्याची बारीक तार त्याच्यावर पन्नासेक वेढे गुंडाळा. दोन्ही टोकांवरचं वार्निश खरवडा आणि टोकं एका सेलला क्षणभर टेकवा. समोर टाचण्या ठेवा. टेकवलं की टाचण्या झेपावतात, काढलं की बहुतेक गळून पडतात. जास्त वेळ जोडून ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. आता डोळ्यांपुढे आणा, की सेल आणि तुमचा हात या गावात आहेत आणि खिळा कित्येक मैल लांब दुसऱ्या गावात. मध्ये नुसती तार. तुम्ही इथे खटका दाबला की तिथला लोखंडाचा तुकडा जागा होतो, समोरच्या पट्टीला खट्‌कन ओढतो. तुम्ही हात उचलला की पट्टी सुटते. इतकंच. तारेतून अक्षर जात नाही, आवाज जात नाही, चित्र जात नाही. वीज आहे किंवा नाही, एवढं एकच पलीकडे पोचतं. या 'आहे' आणि 'नाही' मधून भाषा उभी करायची होती.

मोर्सने आधी वेगळाच मार्ग धरला होता. त्याने ठरवलं, की अक्षरं पाठवायचीच नाहीत. एक मोठा कोश तयार करायचा आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक क्रमांक द्यायचा. तारेवरून फक्त आकडे पाठवायचे. पलीकडच्याने कोश उघडून क्रमांकापुढचा शब्द लिहून घ्यायचा. तो नेटाने हा कोश करत बसला. पण विचार करा, एखादं आडनाव पाठवायचं असेल तर? नवा शब्द असेल तर? आणि शब्दागणिक कोश चाळायचा तर वेळ कसा वाचणार?

1837 मध्ये न्यू यॉर्कला मोर्सने आपलं यंत्र लोकांना दाखवलं, तेव्हा बघ्यांमध्ये आल्फ्रेड व्हेल हा तरुण होता. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला त्याच्या वडिलांचा स्पीडवेल नावाचा लोखंडाचा कारखाना होता. यंत्रकामात त्याचा हात बसलेला. तो मोर्सचा भागीदार झाला आणि 1838 च्या जानेवारीत या दोघांनी कारखान्यातल्या एका माडीवर दोन मैल लांब तार गुंडाळून तिच्यातून निरोप पाठवून दाखवला. त्यानंतर कोश मागे पडला आणि एकेका अक्षराला टिंब-रेघांची खूण आली.

पण सव्वीस अक्षरं आणि खुणा काही आखूड, काही लांब. कुणाला कोणती द्यायची? एला पहिली, बीला दुसरी, अशी क्रमाने वाटणी केली असती तर काम पाच मिनिटांत झालं असतं आणि पुढची शंभर वर्षं तारमास्तरांची बोटं दुखली असती. असं सांगतात, की गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात जाऊन खिळे मोजले गेले. जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे असत, एकेका अक्षराचा एकेक खिळा. ते लाकडी पेटीतल्या कप्प्यांत ठेवलेले असायचे. जुळारी हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. ज्या अक्षराची गरज जास्त, त्याचे खिळे जास्त पाडून ठेवायला लागायचे, नाहीतर पान अर्ध्यावर अडायचं. इंग्रजी भाषेत कोणतं अक्षर किती वेळा येतं, याचं उत्तर कुणा पंडिताला विचारायची गरजच नव्हती. ते त्या कप्प्यांत पडलेलं होतं.

ईचे खिळे 12,000. टीचे 9,000. ए, आय, एन, ओ आणि एस यांचे प्रत्येकी 8,000. तिथून उतरत उतरत जे आणि एक्सचे 400, आणि शेवटी झेडचे फक्त 200. म्हणजे एका झेडमागे साठ ई! ही मोजणी मोर्सची की व्हेलची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला स्वतःला व्हेलकडे झुकावंसं वाटतं, कारखान्यात वाढलेल्या मुलालाच हे सुचायचं. कुणी का केली असेना, ती केली हे फार मोठं काम झालं. रोज लागणारं मीठ ओट्यावर हाताशी आणि वर्षातून एकदा लागणारा चकलीचा सोऱ्या माळ्यावर, हे तुमची आजी ज्या शहाणपणाने करते, तेच इथे घडलं. ईला सगळ्यात आखूड खूण, एक टिंब. टीला एक रेघ. एला, एनला आणि आयला दोन-दोन चिन्हं. आणि क्वचित येणारे जे, क्यू, झेड गेले लांबलचक खुणांच्या वाट्याला. आज तुम्ही मोबाइलमधली मोठी फाइल दाबून लहान करता ना, तिच्या पोटातही हीच युक्ती आहे: जे वारंवार येतं त्याला आखूड खूण.

24 मे 1844 रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर या मार्गावर पहिला जाहीर संदेश गेला. अमेरिकी काँग्रेसने त्यासाठी 30,000 डॉलर मंजूर केले होते. संदेश म्हणून बायबलमधलं एक वचन निवडलं होतं ते ॲनी एल्सवर्थ नावाच्या मुलीने. इकडे मोर्स बसला होता, तिकडे व्हेल.

तुमच्यातला एखादा चौकस आता म्हणेल, आजोबा, ओचे खिळे तर 8,000 होते. मग ओला तीन रेघा, अकरा मात्रा कशा? बरोबर विचारलंस! मूळच्या अमेरिकी मोर्समध्ये ओ लांब नव्हता. तिथे ओ म्हणजे दोन टिंबं होती, मध्ये थोडी जास्त जागा सोडून. आणि आय म्हणजेही दोन टिंबं, पण जवळजवळ. शेजारी शेजारी दोन ई आल्या, तर पुन्हा दोन टिंबंच, आणखी जरा लांब. म्हणजे आय, ओ आणि दोन ई, तिघांमधला फरक फक्त गप्प राहण्याच्या लांबीचा. अमेरिकेतल्या खांबांवरच्या उघड्या तारेवर कसलेल्या हातांनी ते निभावून नेलं. पण तार जमिनीखालून किंवा पाण्याखालून फार लांब गेली की विजेचा ठोका पलीकडे पोचेपर्यंत पसरट होतो, एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो. मग एवढे बारीक विराम ओळखायचे कसे?

जर्मनीत फ्रीडरिख गेर्के नावाच्या माणसाने 1848 मध्ये हॅम्बुर्ग ते कुक्सहाफेन या मार्गासाठी लिपी दुरुस्त केली. अक्षराच्या पोटातले हे फसवे विराम त्याने काढून टाकले. तिच्यात आणखी थोडे बदल होऊन 1865 मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत देशादेशांनी ती स्वीकारली. आज आपण वापरतो ती हीच आंतरराष्ट्रीय मोर्स. तिच्यात ओच्या वाट्याला तीन रेघा आल्या. ओ लांबला खरा, पण आता तो आय म्हणून ऐकू येण्याची भीती उरली नाही. वेग थोडा गमावून खात्री कमावली. हा सौदा मला पटतो.

आपल्याकडे तार आणली विल्यम ओशॉनसी या डॉक्टरने. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. 1839 मध्ये त्याने तिथे प्रयोगाची तार टाकली. मग कलकत्ता ते डायमंड हार्बर, आणि 1855 च्या आत कलकत्ता, आग्रा, मुंबई अशी हजारो मैलांची तार. त्याचं स्वतःचं यंत्र सुईचं होतं, मोर्सची यंत्रं नंतर आली. 1870 मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी केबल टाकली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. एवढ्या लांब केबलीतून येणारी वीज इतकी दुबळी असे की तिला खटका ओढवत नसे. म्हणून एक इवलासा आरसा टांगायचे आणि त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका बघायचे. ठिपका एका बाजूला सरकला की टिंब, दुसऱ्या बाजूला सरकला की रेघ. आणि ठिपका मध्ये स्थिर राहिला की? बरोबर, विराम. यंत्र बदललं, टिंब-रेघांचं रूप बदललं, थांबण्याचं काम मात्र तसंच राहिलं.

आमच्या लहानपणी तार ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहिलं की आतून कट्ट-कडकट्ट, कट्ट-कट्ट असा आवाज यायचा. तारमास्तर कान त्या आवाजाकडे ठेवून भरभर लिहीत असायचे. आम्हाला ती नुसती खडखड वाटायची. आणि तार घरी आली की लिफाफा उघडायच्या आधीच बायका डोळ्यांना पदर लावायच्या, कारण 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' असलेच निरोप तारेने यायचे. पैसे शब्दांवर, म्हणून एकेक शब्द तोलून. घरात मराठी बोलणारी माणसं तारेत मात्र इंग्रजी लिहायची. शुभेच्छांच्या तारेची गंमत सांगतो. लग्नाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांची वाक्यं सरकारने आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. आपण फॉर्मवर क्रमांक लिहायचा, तारेवरून क्रमांकच जायचा आणि पलीकडे अख्खं वाक्य छापून मिळायचं. मोर्सने जो आकड्यांचा कोश सोडून दिला होता, तो असा आपल्याकडे शुभेच्छांपुरता नांदत होता. पुढे टेलिप्रिंटर आले, संगणक आले, मोर्सचा खटका कधीच थांबला होता. आणि जुलै 2013 मध्ये आपल्या देशातली तारसेवाच बंद झाली.

त्या तारमास्तरांच्या कानात काय चालायचं, ते आता ऐका. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोठं नवल त्याचंच वाटतं. मिनिटाला वीस शब्द या वेगाने तार येत असेल, तर एक टिंब असतं 60 मिलीसेकंदांचं. म्हणजे एका सेकंदात अशा सोळा मात्रा सरून जातात. हा वेग मोजायला पॅरिस हा इंग्रजी शब्द नमुना म्हणून घेतात, कारण पुढच्या शब्दाआधीची शांतता धरून तो बरोबर पन्नास मात्रांचा भरतो. एवढ्या वेगात टिंबं मोजायला सवड कुणाला? नवशिका टिंब-रेघा मोजायला जातो आणि तिसऱ्या अक्षरालाच मागे पडतो. मुरलेला माणूस मोजतच नाही. त्याला 'डिट' आणि 'डा' असे बोल ऐकू येतात, जसे तबलजीला. एस म्हणजे डि-डि-डिट, आर म्हणजे डि-डा-डिट. आणखी मुरला की अक्षरंही ऐकू येईनाशी होतात, अख्खा शब्द एका ठेक्यात येतो.

अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी 1890 च्या दशकात तारमास्तरांचा अभ्यास केला. शिकाऊ माणूस पाठवायला झपाट्याने शिकतो, पण ऐकून उतरवायची वेळ आली की काही काळ वेग वाढतो आणि मग अडकतो. आठवडेच्या आठवडे रोज सराव करूनही एक पाऊल पुढे नाही. पुष्कळजण इथेच कंटाळून सोडून देतात. आणि मग एकाएकी वेग पुन्हा चढू लागतो. त्या दोघांचं म्हणणं असं, की अडकलेला दिसत असतानाही आत काम चालूच असतं, मेंदू सुटी अक्षरं विसरून अख्खे शब्द पकडायला शिकत असतो. तुमच्यापैकी कुणी पेटी किंवा बासरी शिकत असेल आणि महिनाभर हात पुढे सरकत नसेल, तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

हातालाही ओळख असते. एकाच मापाच्या मात्रा, तरी कुणी रेघ जरा रेंगाळून सोडतो, कुणी दोन अक्षरांमधला विराम घाईने गिळतो. जुने लोक नुसत्या खडखडीवरून सांगायचे, आज पलीकडे कोण बसलंय. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचा संदेश उलगडला नाही तरी पाठवणाऱ्याचा हात ओळखून त्याची तुकडी कुठून कुठे सरकली, हे ताडणारे लोक होते.

विजेशिवायही ही लिपी चालते. अमेरिकी नौदलाचा जेरेमाया डेंटन हा वैमानिक व्हिएतनाम युद्धात कैदी झाला. 1966 मध्ये त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि आमची वागणूक चांगली आहे असं जगाला सांग म्हणून दडपण आणलं. दिव्यांच्या झोताने डोळे दिपल्याचं सोंग करून तो तोंडाने बोलत राहिला आणि पापण्यांनी दुसरंच सांगत राहिला. आखूड मिटले की टिंब, लांब मिटले की रेघ, आणि अक्षर संपलं की डोळे उघडे ठेवून थांबायचं. त्याने टॉर्चर हा शब्द एकेक अक्षर करून सांगितला, म्हणजे छळ. टी, रेघ. ओ, तीन रेघा. आर, टिंब-रेघ-टिंब. पुन्हा टी. यू, टिंब-टिंब-रेघ. पुन्हा आर. आणि शेवटी ई, एक टिंब, म्हणजे पापणीची एक उघडझाप. कैद्यांचा छळ होतोय, हे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला त्या चित्रफितीतून कळलं.

विराम मुद्दाम गाळायचाही एक प्रसंग असतो. एसओएस हा बुडत्या जहाजाने बिनतारी यंत्रावरून करायचा धावा. 1906 मध्ये बर्लिनच्या परिषदेत तो ठरला. तो 'सेव्ह अवर सोल्स' यावरून आला असं लोक सांगतात, पण तो अर्थ मागाहून चिकटवलेला आहे. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, मध्ये अक्षरांचा विराम न घेता नऊ चिन्हं एका दमात वाजवायची. कारण एवढं लांब दुसरं कुठलंच अक्षर नाही. वादळात अर्धवट ऐकू आलं तरी कान टवकारतात. 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडत असताना तिच्यावरच्या तारमास्तराने, जॅक फिलिप्सने, जुन्या सीक्यूडी या खुणेबरोबर ही नवी खूणही पाठवली. ती हाक कार्पेथिया जहाजाने ऐकली आणि सातशेवर माणसं वाचली.

आणि माणसाने हे सगळं शोधायच्या कितीतरी आधीपासून काजवे हेच करत आले आहेत. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं लुकलुकताना तुम्ही पाहिली असतील. अमेरिकेत फोटिनस पायरॅलिस नावाचा काजवा आहे. नर उडता उडता पाच-सहा सेकंदांनी एकदा चमकतो. गवतातली मादी ते पाहते आणि साधारण दोन सेकंद थांबून मग उत्तर देते. ते दोन सेकंद फार मोलाचे. उत्तर लगेच आलं किंवा फार उशिरा आलं, तर नर ओळखतो की ही आपल्या जातीची नव्हे. हवा थंड असली की हे थांबणं लांबतं, उबदार असली की आखूड होतं. आणि तिथेच फोटुरिस जातीची एक मोठी काजवी असते, ती नेमकं एवढंच थांबून उत्तर द्यायला शिकली आहे. नर खुशीत खाली उतरतो आणि ती त्याला खाऊन टाकते. जेम्स लॉइड या कीटकशास्त्रज्ञाने 1965 मध्ये ही फसवणूक उजेडात आणली. तिने प्रकाशाची नक्कल केली हे तर खरंच, पण शांततेची नक्कल केली, हे मला जास्त थरारक वाटतं.

मोर्स आता संपली असं समजू नका. हौशी रेडिओवाले जगभर ती रोज वाजवतात. 2004 मध्ये तर तिच्यात नवी खूण आली, ईमेलच्या पत्त्यातल्या ॲटसाठी. ए आणि सी ही दोन अक्षरं मधला विराम काढून जोडली आणि झाला ॲट: टिंब, रेघ, रेघ, टिंब, रेघ, टिंब. मुंबईच्या विमानतळाची दिशा दाखवणारं जे रेडिओ केंद्र आहे, ते आजही आपलं नाव मोर्समध्ये सांगतं, बी-बी-बी: रेघ आणि तीन टिंबं, पुन्हा रेघ आणि तीन टिंबं, पुन्हा तेच. वैमानिक ते ऐकून खात्री करून घेतो, की आपण बरोबर केंद्र लावलंय.

चला, आता तुमची पाळी. मी टेबलावर एक शब्द पेन्सिलीने वाजवणार आहे. आखूड ठोका म्हणजे टिंब, आणि टेबलावर पेन्सिल ओढली की रेघ. चार अक्षरं आहेत आणि चारही या गोष्टीत येऊन गेली आहेत. विराम मी नीट घेईन, तुम्ही नीट ऐका. पहिलं अक्षर: टिंब, रेघ, टिंब. थांबलो. दुसरं: टिंब, रेघ. थांबलो. तिसरं: टिंब, टिंब. थांबलो. चौथं: रेघ, टिंब. कोकणात तो जूनमध्ये येतो आणि आला की छत्र्या उघडतात. लिहा वहीत, आणि लिहून झालं की त्याच्या मात्रा किती होतात तेही मांडून दाखवा.